विरोधकाने श्रेय द्यावे काय?

विरोधी पक्षाने सरकारवर टीका करावी, ही संसदीय लोकशाहीतील सर्वमान्य अपेक्षा आहे. परंतु सरकारच्या हातून एखादे काम चांगले झाले, तर विरोधकाने तसे उघडपणे म्हणावे की नाही, याविषयी आपल्या राजकीय पक्षांत एकवाक्यता नाही. सोलापूरने या प्रश्नाचा एक बोलका दाखला २०१९ साली देशापुढे ठेवला. त्याचा विचार आजही अप्रस्तुत ठरू नये.

९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सोलापुरात तीस हजार घरांच्या प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली. प्रकल्पाचा खर्च सुमारे १,८११ कोटी रुपये. त्यांपैकी ७५० कोटी केंद्र व राज्य सरकारांनी द्यावयाचे होते. घरे होती ती विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी, कापड गिरण्या व यंत्रमागांवरील कामगारांसाठी, रिक्षाचालकांसाठी आणि कचरा वेचणाऱ्यांसाठी. ही योजना ज्यांनी चिकाटीने पुढे रेटली, ते नरसय्या आडम मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते. सोलापूरकर त्यांना 'मास्तर' म्हणतात. १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा ते विधानसभेवर निवडून गेले होते. आडम यांनी पंतप्रधानांची आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची जाहीर प्रशंसा केली. त्याबद्दल त्यांच्या पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले.

पक्षाची बाजू सर्वस्वी त्याज्य होती, असे म्हणता येणार नाही. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. नोटाबंदी, शेतमालाचे भाव, कामगार कायद्यांतील बदल यांवर पक्ष देशभर सरकारला जाब विचारीत असताना त्याच्याच ज्येष्ठ नेत्याचे शब्द सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराला आयते मिळावेत, हे कोणत्याही संघटनेला रुचणारे नव्हते. तथापि दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. जो विरोधक सरकारच्या प्रत्येक कृतीला सारख्याच आवेशाने नावे ठेवतो, त्याची टीका लोक हळूहळू ऐकेनासे होतात. घराची किल्ली हाती पडणाऱ्या विडी कामगार स्त्रीला 'सरकारने काहीच केले नाही' असे सांगून कोण पटवू शकेल?

विरोध आणि वैर यांतील भेद जाणण्याची परंपरा आपल्या देशात नाही असेही नाही. १९९४ साली काश्मीरचा प्रश्न जिनीव्हा येथे मानवी हक्क आयोगापुढे आला, तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपविले आणि वाजपेयींनी ते स्वीकारले. याच सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. त्यांतील बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर बसले आणि दुष्काळी मुलखाच्या पाण्याचा प्रश्न मांडीत राहिले. खुद्द आडम यांच्या प्रयत्नांतून कुंभारी येथे उभ्या राहिलेल्या विडी कामगारांच्या दहा हजार घरांचे लोकार्पण २००६ मध्ये काँग्रेसचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केले होते. सरकारे बदलली, मागणी तीच राहिली.

मात्र श्रेय देणे म्हणजे हिशेब मिटविणे नव्हे, आणि नेमके येथेच सत्ताधाऱ्यांचीही कसोटी लागते. घर मिळाले तरी त्या घरात बसून वळलेल्या हजार विड्यांना मजुरी किती, हा प्रश्न उरतोच. विडी कामगारांच्या आरोग्यासाठी, घरांसाठी व त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून स्वतंत्र निधी उभारला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर संपला. त्याबरोबर या कामांचा हक्काचा झराही आटला. पुढे २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यांपैकी तीन राज्यसभेने सप्टेंबर २०२० मध्ये संमत केल्या, त्या वेळी विरोधकांचा कामकाजावर बहिष्कार होता. कोट्यवधी श्रमिकांच्या जीवनाशी निगडित विधेयके विरोधी बाके रिकामी असताना संमत व्हावीत, यात सरकारची घाई दिसते. पण त्या बाकांवर बसून प्रत्येक कलमाची चिरफाड करण्याची संधी विरोधकांनीही दवडली, हे नाकारता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आल्या. त्यांची किंमत किंवा त्यांचा लाभ आता कामगारांच्या पदरी पडावयाचा आहे.

१९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरातील पंधरा हजार घरे पंतप्रधानांच्याच हस्ते लाभार्थींना अर्पण करण्यात आली. ती उभी राहिली यात सरकारांचा वाटा आहे, आणि वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या कामगारांचाही. सरकारने विरोधकाच्या स्तुतीचे भांडवल करून त्याची उरलेली टीका कानाआड करू नये, आणि पक्षांनी आपल्या नेत्याच्या प्रांजळपणाला शरणागती समजू नये. जमेची बाजू जो प्रामाणिकपणे लिहितो, त्याने दाखविलेली बाकीच मतदाराला खरी वाटते.