आज फळ्यावर काय?

मुंबई, ठाणं, पुणं, नाशिक. मध्यमवर्गीय वस्ती म्हटली की पोळी-भाजी केंद्र आलंच. छोटासा गाळा, आत दोन शेगड्या, लाटणी चालवणाऱ्या तीन-चार बायका, दारात काउंटर आणि शेजारी फळा. फळ्यावर रोज पाच-सहाच पदार्थ. ते कुठले, हे ठरवण्यातच या धंद्याचा कस लागतो. हाताला चव असणाऱ्या पुष्कळ असतात.

पोळीचा प्रश्न नसतो, गिऱ्हाईक येतं तेच पोळीसाठी. फक्त ती गरमागरम पिशवीत कोंबली की तिला घाम सुटतो, म्हणून जाणत्या केंद्रात ती आधी जाळीवर निवते. खरी अडचण भाजीची. घरची भाजी कढईतून थेट ताटात पडते. इथली सकाळी दहाला शिजते आणि दुपारी दोनला कुठल्याशा ऑफिसात उघडली जाते. कितीही खमंग परतलेली भेंडी बंद पाकिटातल्या वाफेनं लिबलिबीत होते. फ्लॉवरचा डबा उघडला की शेजारच्या चार टेबलांना बातमी लागते. ओलं खोबरं उन्हाळ्यात दगा देतं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लागलं की पाणी सुटतंच, म्हणून ते अगदी शेवटी घालायचं. बटाट्याची पिवळी भाजी, चणाडाळ घातलेला कोबी, मटकीची उसळ ही हुकमी पानं. त्यातही मटकी आज विकायची तर परवाच भिजवावी लागते. म्हणजे दोन दिवस आधीच गिऱ्हाइकाच्या पोटाचा अंदाज! तो चुकला की नफा पातेल्यात.

निम्मा फळा पंचांग लिहितं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी. संकष्टीच्या संध्याकाळी उकडीचे मोदक. श्रावणात कांदा-लसूण न घातलेली एक तरी भाजी.

या केंद्रांच्या आधी मुंबईच्या गिरणगावात खाणावळी होत्या. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. खाणावळीत जेवणारे महिन्याच्या बोलीचे, त्यामुळे किती माणसांचं रांधायचं हे ठाऊक असे. केंद्राला ती सोय नाही. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. त्या भावात परवडेना, आणि पुष्कळ ठिकाणी झुणक्याच्या जागी वडे आणि चहा आले.

अलीकडे काही फळ्यांवर पनीर बटर मसाला आणि शेजवान राईस झळकू लागलेत. माझ्या मते हा चुकीचा हव्यास आहे. ते खायला माणूस महिन्यातून एकदा हॉटेलात जातो, तिथे ते बरंही मिळतं. केंद्राचं गिऱ्हाईक आठवड्यातले पाच-सहा दिवस येणारं. त्याला कालच्यापेक्षा वेगळी पण घरच्यासारखी भाजी हवी असते. पदार्थ वाढले की प्रत्येकातलं थोडं थोडं उरतं, आणि उरलेलं उद्याच्या रश्श्यात ढकलायचा मोह होतो. एकदा तसं झालं की रोजचं गिऱ्हाईक लगेच ओळखतं. भांडत बसत नाही, पुढच्या गल्लीत जातं.

तेव्हा दुपारी एकला फळ्यावरची भाजी पुसलेली दिसली तर कुरकुरू नका. ते केंद्र नीट चाललंय असं समजा. आणि संकष्टीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.