परिचर्या शिक्षणात विचारशक्तीची परीक्षा

खाटा, शस्त्रक्रिया व यंत्रसामग्री यांचे आकडे अहवालात सहज मांडता येतात. परिचारिकेच्या विचारशक्तीचे तसे नाही. ती शिक्षणकाळात कशी तपासावी, हे दाते, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना कळावे, म्हणून हे टिपण.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे घेऊ. सन २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. सुमारे २० जण दगावले. ‘विषबाधेची लक्षणे लिहा’ असे विचारल्यास विद्यार्थिनी लाळ, घाम, आकुंचित बाहुल्या असे सर्व अचूक लिहील. त्यातून तिचे पाठांतर कळते.

आता प्रश्न असा घालू. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाची बाधा झालेला रुग्ण उपचारांनी सावरला आहे. दुसऱ्या दिवशी तो बोलतो. नातेवाईक निर्धास्त झाले आहेत. परंतु त्याला उशीवरून मान उचलता येत नाही आणि श्वास उथळ आहे. तुम्ही काय कराल? बाधेनंतर साधारणतः १ ते ४ दिवसांत श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात आणि मान न उचलता येणे ही त्याची पूर्वसूचना असते. ‘अशक्तपणा’ एवढी नोंद करून पुढे जाणारी विद्यार्थिनी येथे अनुत्तीर्ण ठरते. तत्काळ डॉक्टरांना बोलावणारी, कृत्रिम श्वसनाची तयारी ठेवणारी आणि तसे का केले हे सांगू शकणारी उत्तीर्ण होते.

अशा परीक्षेची एक पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली. ती ‘ऑस्की’ या नावाने ओळखली जाते. तीत प्रत्येक परीक्षार्थी ठरावीक वेळात एकेका टेबलापाशी जाऊन तेच काम करतो व एकाच गुणतक्त्यानुसार त्याला गुण मिळतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रित झालेल्या बी.एस्‌सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही तिचा समावेश आहे. मात्र गुणतक्ता कृती मोजतो, कारण नव्हे. म्हणून ‘काय दिसले, त्याचा अर्थ काय, प्रथम काय कराल, पुन्हा केव्हा पाहाल’ हे तोंडी विचारणे आवश्यक ठरते.

याला मोठे यंत्र लागत नाही. अनुभवी परिचारिकेचा वेळ लागतो. वॉर्डातील कामातून तिला मोकळे करायचे, तर तिच्या जागी दुसरी नेमावी लागते. हा खर्च हिशेबात ‘वेतन’ या शीर्षाखाली दिसतो. देणगी देताना यंत्रसामग्रीइतकेच या शीर्षाकडेही आपले लक्ष असावे, ही नम्र विनंती.