गोल्फ बघायचंय? मग चालायची तयारी ठेवा!

रत्नागिरीच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटचा सामना बघणारा बाउंडरीला एकदा बसला की संध्याकाळपर्यंत हलत नाही. गोल्फमध्ये मात्र प्रेक्षकही खेळाडूंबरोबर चालतात. १८ होल म्हणजे सहा-सात किलोमीटरची सहज रपेट!

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुणे गाठलं, की येरवड्याला पूना क्लबचं गोल्फ कोर्स आहे. व्यावसायिक गोल्फपटूंची पूना क्लब ओपन इथंच रंगते. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन मानेही पुण्याचाच.

अशी स्पर्धा साधारण चार दिवस, रोज १८ होल. दोन फेऱ्यांनंतर 'कट' लागतो आणि मागे पडलेले बाहेर जातात. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो विजेता.

पहिल्यांदाच जाणाऱ्यानं एखाद्या पार-३ होलच्या, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण होणं अपेक्षित असलेल्या होलच्या, ग्रीनजवळ (भोकाभोवतीच्या हिरवळीजवळ) उभं राहावं. चेंडू हवेतून येतो, हिरवळीवर टप्पा घेतो आणि जेमतेम १०८ मिलिमीटरच्या भोकाकडे घरंगळतो. खेळाडू गुडघ्यावर बसून उतार न्याहाळतो, तेव्हा सगळे श्वास रोखून उभे!

फटका बसेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. 'फोर!' अशी आरोळी, म्हणजे चेंडू अंगावर येत असल्याचा इशारा, आली, तर आधी डोकं झाकायचं. पायात आरामदायी बूट, डोक्यावर टोपी, सोबत पाणी आणि मोबाइल सायलेंटवर.