धार तुटते ती जागा

‘संलयनावर लिहा, पण लोकांना कळेल असं,’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पुणतांब्यात होतो. चांगदेवांच्या समाधीच्या या गोदाकाठच्या गावात प्लाझ्मा कुठे शोधायचा? शेवटी अंगणातल्या नळानेच वाट दाखवली. तोटी बारीक केली की धार काचेच्या काडीसारखी उतरते. वीतभर खाली तिला उसासारख्या कांड्या पडतात आणि जिथे ती बारीक होते, तिथेच तुटते.

नळाच्या धारेत हे पृष्ठताणामुळे होतं. प्लाझ्मात कारण निराळं, पण रूप तेच.

1905 मध्ये ऑस्ट्रेलियात पोलॉक आणि बॅराक्लो यांनी वीज पडून चेपलेली तांब्याची नळी तपासली. तिला कुणी ठोकलं नव्हतं. तिच्यातून गेलेल्या प्रवाहानेच ती आवळली होती. शेजारशेजारच्या तारांतून एकाच दिशेने प्रवाह गेला की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि नळी म्हणजे अशा तारांची मोळीच. तांब्याऐवजी संलयनाला लागणारा प्लाझ्मा, म्हणजे तापून आयनीभूत झालेला वायू, घ्या. प्रवाहच त्याला तापवतो, प्रवाहच आवळतो, भांडं लागत नाही. याचं नाव झेड-पिंच. कल्पना इतकी देखणी आहे की संशय यावा.

यायलाच हवा. खांब कुठेतरी केसभर बारीक झाला, तरी प्रवाह तेवढाच राहतो. त्यामुळे तिथल्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र वाढतं, तिथली पकड घट्ट होते, मान आणखी बारीक होते. सावकाराच्या व्याजासारखं हे चक्र आहे: जो अडला, त्यालाच जास्त. खांब किंचित वाकला, तर वाकाच्या आतल्या बाजूला बलरेषा दाटतात आणि त्याला आणखी बाहेर ढकलतात. पहिल्या रोगाला सॉसेज म्हणतात, दुसऱ्याला किंक. सगळा खेळ सेकंदाच्या दशलक्षांशात, कधी त्याहूनही लवकर आटोपतो.

1955 मध्ये जिनिव्हात होमी भाभांनी सांगितलं होतं की वीसेक वर्षांत संलयनऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल. जानेवारी 1958 मध्ये इंग्लंडच्या झेटा या पिंच यंत्राने न्यूट्रॉन दाखवले आणि संलयन साधल्याचा जल्लोष झाला. काही महिन्यांतच दावा मागे घ्यावा लागला. ते न्यूट्रॉन सूर्यासारख्या तापमानातून आलेले नव्हते. अस्थिरतेने काही आयन भिरकावले होते, त्यांची ती करामत होती.

गंमत म्हणजे हीच खोट ट्रॉम्बेत उपयोगी पडली. भाभा अणुसंशोधन केंद्रात बांधलेल्या प्लाझ्मा फोकस यंत्रांत कपॅसिटरमधली वीज एका झटक्यात सोडतात. समाक्ष नळ्यांच्या टोकाशी खांब आवळतो, त्याची मान तुटते, आणि आत ड्यूटेरियम असेल तर न्यूट्रॉनचा क्षणिक झोत मिळतो. मला ही नम्रता आवडते. तुटायचंच आहे, तर तुटण्यालाच कामाला लावलं.

खांब टिकवायचा हट्ट मात्र सुटलेला नाही. त्याच्या लांबीला समांतर चुंबकीय क्षेत्र देऊन पाहिलं. कणा ताठ झाला, पण आता त्या क्षेत्रालाही दाबावं लागतं आणि दाब वाटला जातो. सिअॅटलच्या मंडळींनी वेगळा उपाय काढला: खांबाचे थर वेगवेगळ्या वेगाने वाहू द्यायचे, म्हणजे पडणारी मान तयार होण्याआधीच विस्कटते. त्याच कामातून 2017 मध्ये झॅप एनर्जी ही कंपनी निघाली. त्यांचा खांब अर्धा मीटर लांब. 2024 मध्ये त्यांनी त्यातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान एक कोटी ते पावणेचार कोटी अंशांच्या घरात मोजल्याचं प्रसिद्ध केलं. पण विजेचा प्रवाह वाढवला की थरांचं ते वाहणं सांभाळणं अवघड होतं, आणि इलेक्ट्रोड झिजतात.

आजवर कुठल्याही झेड-पिंचमधून, त्यात ओतलेल्या विजेइतकी ऊर्जा परत आलेली नाही.