औषध टाकूनही घरातले उंदीर परत का येतात?

रात्री दिवे मालवले की माळ्यावर पळापळ सुरू होते. सकाळी पाहावं तर ज्वारीच्या पोत्याला नवं भोक, कोपऱ्यात शेंगांच्या टरफलांचा ढीग आणि अंगणातल्या दुचाकीची वायर कुरतडलेली. मग बाजाराच्या दिवशी तालुक्याहून औषधाची पुडी येते. दोन-तीन उंदीर मरतात, घरभर वास सुटतो, आठवडाभर शांतता असते. महिना होत नाही तोच माळ्यावर पुन्हा तीच पळापळ.

गावाकडच्या कित्येक घरांत हे चक्र वर्षानुवर्षं चालू असतं. उंदीर हा त्रास किरकोळ वाटतो, पण त्याच्यामागे साप घरात येतो, आजार येतात. आणि उंदरांसाठी आणलेलं विष घरातल्याच लहान मुलाच्या पोटात जाण्याचा धोकाही असतो. त्यामुळे उंदीर का येतात आणि खरंच कशाने थांबतात, हे समजून घेणं गरजेचं आहे.

आधी पाहा, घरात कोण आलंय?

सगळ्यांना आपण सरसकट 'उंदीर' म्हणतो, पण उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

घरातला काळपट उंदीर चढण्यात पटाईत असतो. माळा, कौलं, वासे आणि वायरी हे त्याचे रस्ते. त्याच्या लेंड्या साधारण सेंटीमीटरभर लांब असतात.

छोटा उंदीर, म्हणजे पिटुकला करडा, कपाटात, अंथरुणात किंवा फ्रिजच्या मागे राहतो. त्याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतात.

घूस जमिनीत राहते. गोठ्याची जमीन, मातीच्या भिंती आणि घराचा पाया ती पोखरते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर ते काम बहुतेक घुशीचंच.

चौथी म्हणजे चिचुंद्री. लांबट टोकदार तोंड आणि उग्र वास यांवरून ती ओळखता येते. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. तिचं मुख्य खाणं म्हणजे झुरळं आणि किडे. धान्याची नासाडी तिच्यामुळे होत नाही, त्यामुळे तिला मारून उंदरांचा त्रास कमी होत नाही.

औषधाने उंदीर संपत का नाहीत?

याची कारणं दोन. पहिलं म्हणजे उंदराचा स्वभाव. तो अत्यंत संशयी असतो. रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली तर काही दिवस तिच्या जवळही जात नाही. नवं खाणं मिळालं तर आधी थोडंसंच खाऊन पाहतो. त्या थोड्याशा विषाने तो मेला नाही, फक्त आजारी पडला, तर ते खाणं तो पुन्हा तोंडात घेत नाही. गावाकडे 'उंदीर हुशार झालेत' असं म्हणतात, ते अगदी खरं आहे.

दुसरं कारण म्हणजे त्यांची वाढ. मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेळी साधारण पाच ते दहा पिल्लं होतात. व्यायल्यावर एक-दोन दिवसांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. विषाने काही उंदीर मेले की उरलेल्यांना जास्त खाणं आणि जास्त जागा मिळते. त्यांची पिल्लं अधिक जगतात, शेजारच्या घरातले उंदीरही रिकाम्या जागेत येतात.

थोडक्यात, घरात किती उंदीर राहतील हे तिथे मिळणारं खाणं आणि लपायची जागा ठरवते. या दोन गोष्टी तशाच राहिल्या तर विष कितीही टाका, संख्या पुन्हा पहिल्यासारखी होते.

प्रश्न फक्त धान्याचा नाही

एक मोठा उंदीर दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम धान्य खातो. पण खाण्यापेक्षा लघवी, लेंड्या आणि केसांनी तो कितीतरी जास्त धान्य खराब करतो.

शिवाय त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. विजेच्या वायरी कुरतडल्या गेल्या की शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याची भीती असते.

आजारांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या, तसंच गुरांच्या लघवीतून याचे जीवाणू पाण्यात आणि चिखलात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती. कोकणात भातलावणीच्या दिवसांत दरवर्षी याची भीती असते. ताप, पोटऱ्यांमध्ये जोराचं दुखणं आणि डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली, तर अंगावर न काढता डॉक्टरकडे जायला हवं.

उंदरांच्या मागे साप येतात. नाग आणि घोणस यांचं उंदीर हे आवडतं खाद्य आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. घराभोवतीचे उंदीर कमी करणं हा साप लांब ठेवण्याचाही उपाय आहे.

महाराष्ट्राने याहून मोठा धडा १९९४ मध्ये घेतला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याच्या धास्तीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावातले लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले. घरात साठवलेलं धान्य तसंच राहिलं आणि त्यावर उंदीर माजले, असं मानलं जातं. पुढच्या पावसाळ्यात गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये गाठीच्या प्लेगचे रुग्ण समोर आले. त्यामुळे औषध न टाकताच एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवणं हे पहिलं काम.

मग सुरुवात कुठून करायची?

क्रम लक्षात ठेवा. आधी खाणं बंद, मग वाट बंद, मग पिंजरा आणि अगदी शेवटी विष.

*खाणं बंद करा.* धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा. प्लास्टिकचा ड्रम उंदीर कुरतडू शकतो. पोती ठेवायचीच असतील तर फळ्यांवर, जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भिंतीला टेकवलेलं पोतं म्हणजे उंदराला आयता आडोसा. गुरांची पेंड, कोंबड्यांचं खाद्य आणि रात्रीची उष्टी भांडी याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गव्हाणीत रात्रभर पडलेली पेंड हे घुशीचं रोजचं जेवण असतं.

*आडोसा काढा.* सरपण, गोवऱ्या, जुनी कौलं, विटांचा ढीग आणि कडब्याची गंजी घराच्या भिंतीला लागून नको. माळ्यावरचं वर्षानुवर्षं न हललेलं सामान एकदा खाली उतरवाच.

*वाट बंद करा.* ज्या फटीतून पेन्सिल जाते, त्या फटीतून छोटा उंदीर जाऊ शकतो. अंगठा जाईल एवढं भोक मोठ्या उंदराच्या पिल्लाला पुरतं. नुसती माती किंवा कापडाचा बोळा टिकत नाही. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. घुशीच्या बिळासाठी दगड आणि काचेचे तुकडे घालून सिमेंट भरा. मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी आणि दाराच्या खाली पत्र्याची पट्टी लावा. कौलारू घराचं छप्पर पूर्ण बंद करणं अवघड असतं. तिथे निदान छपरावर आलेल्या झाडाच्या फांद्या तीन-चार फूट मागे छाटा.

कोणतं बीळ चालू आहे हे ओळखायची सोपी युक्ती आहे. संध्याकाळी सगळी बिळं मातीने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील, त्यात उंदीर किंवा घूस आहे. पिंजरा तिथेच लावायचा.

पिंजरा लावूनही उंदीर का सापडत नाही?

कारण तो बहुधा चुकीच्या जागी आणि घाईने लावलेला असतो. उंदीर खोलीच्या मधून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. भिंतीवर जिथे तेलकट काळा पट्टा दिसतो, तो त्याचा रस्ता. पिंजरा तिथेच, भिंतीला चिकटून ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्यात खाणं ठेवा, पण दार उघडंच राहू द्या. उंदराला सवय झाली की चौथ्या रात्री चाप लावा. भाजलेले शेंगदाणे, सुकं खोबरं, तेल लावलेली भाकरी किंवा सुकी मासळी यांचा वास त्याला खेचतो. एका पिंजऱ्याने काम होत नाही. शेजाऱ्यांचे मागून आणा, पण एकाच वेळी चार-पाच पिंजरे लावा.

सापडलेला जिवंत उंदीर कुंपणापलीकडे सोडला तर तो बहुधा परत येतो. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उचला आणि विहीर-ओढ्यापासून दूर, खोल पुरा.

चिकट गोंदाच्या पट्ट्या सोप्या वाटतात, पण त्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो. पाली, पक्षी आणि मांजराची पिल्लंही त्यात अडकतात. प्राण्यांना होणाऱ्या या क्रूरतेमुळे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पट्ट्यांविरुद्ध भूमिका घेतली आहे.

विष वापरायचंच असेल तर

सगळी औषधं सारखी नसतात, म्हणून पाकिटावरचं नाव वाचणं गरजेचं आहे.

ब्रोमाडायोलोनच्या वड्यांनी उंदराच्या शरीरात रक्तस्राव होऊन तो काही दिवसांनी मरतो. लगेच त्रास होत नसल्याने त्याला संशय येत नाही. माणसाच्या पोटात हे विष गेलं तर त्यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे. अर्थात, तो डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

झिंक फॉस्फाइड ही काळपट पूड. पोटात गेल्यावर तिच्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. यावर उतारा नाही.

पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट सगळ्यात फसवी आहे. ती टूथपेस्टसारखी दिसते आणि पाव-बिस्किटाला लावून ठेवली जाते, म्हणून मुलांना तिचा धोका जास्त. खाल्ल्यावर सुरुवातीला थोडा त्रास होतो, मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. यावरही उतारा नाही. मूल असलेल्या घरात ही पेस्ट आणूच नये.

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही फॉस्फिनच निघतो. या गोळ्या प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात. माणसं झोपतात त्या घरात त्या ठेवणं जिवावर बेतू शकतं.

विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. दूध, तूप, तेल पाजू नका. विशेषतः फॉस्फरसचं विष स्निग्ध पदार्थांमुळे जास्त शोषलं जातं. १०८ ला फोन करा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या. कोणतं विष आहे हे डॉक्टरांना कळलं तर उपचार लवकर सुरू होतात.

मांजर, घुबड आणि आवाजाचं मशीन

मांजर छोटे उंदीर आणि पिल्लं पकडतं. भल्यामोठ्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही.

गव्हाणी घुबड मात्र मुख्यतः उंदरांवरच जगतं. अपशकुनी म्हणून त्याला हाकलणं म्हणजे रात्रीचा फुकटचा राखणदार घालवणं. तीच गोष्ट बिनविषारी धामणीची. दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मात्र विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडंही मरू शकतात.

उंदरांना पळवणाऱ्या आवाजाच्या मशीनवर पैसे घालवण्याआधी विचार करा. हा आवाज भिंतीपलीकडे किंवा सामानाआड जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा मशीनच्या उत्पादकांना आणि विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांबद्दल इशारापत्रं पाठवली होती.

साफसफाई करताना आणि उंदीर चावला तर

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, त्यातली धूळ श्वासातून आत जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग नाकाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसा.

उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. हळद किंवा चुना भरून घरी बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर ठरवतील.

एकट्याचं घर पुरेसं नाही

पावसाने शेतातली बिळं भरली की उंदीर घराकडे येतात. खरिपाची काढणी झाली, शेत मोकळं झालं की पुन्हा येतात. म्हणून भोकं बुजवायची आणि पिंजरे लावायची योग्य वेळ म्हणजे मे महिना आणि काढणीच्या आधीचे दिवस.

आणि हे काम एका घराने करून भागत नाही. तुमचं घर स्वच्छ झालं तरी शेजारच्या पडक्या वाड्यातले किंवा गल्लीतल्या उकिरड्यावरचे उंदीर पुन्हा येणारच. गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात बिळं बुजवली, पिंजरे लावले आणि ग्रामपंचायतीकडून उकिरडा हलवून घेतला, तर औषधाच्या पुडीची गरज फारशी उरत नाही.