रुंदी फुटांत, कोंडी तासांत

रस्ता रुंद करणं हा ट्रॅफिकवरचा रामबाण उपाय असता, तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनने केव्हाच पेढे वाटले असते. तिथला केटी फ्रीवे 2008 पर्यंत रुंदावत रुंदावत, बाजूचे रस्ते धरून, काही ठिकाणी 26 लेनचा झाला. 2011 ते 2014 मध्ये संध्याकाळी घरी पोचायचा वेळ 55 टक्क्यांनी वाढला. रस्ता मोकळा दिसला की गाड्या निघतात, दुसरं काय!

अमेरिकेतल्याच सॉल्ट लेक सिटीचे जुने रस्ते तर 132 फुटी. का, तर बैल जुंपलेली गाडी एका दमात वळावी, असं सांगतात. आता बैल गेले आणि पायी चालणाऱ्यांची त्रेधा उरली. म्हणून कित्येक चौकांत नारिंगी झेंडे ठेवलेत: एक उचलायचा, फडकवत पलीकडे जायचं आणि तिथे खोचून ठेवायचा.

जपानने मेख मारलीय ती वेगळ्याच जागी. टोकियोत गाडी घ्यायची? आधी जागा दाखवा! घरापासून 2 किलोमीटरच्या आत हक्काचं पार्किंग हवं. त्याचा नकाशा काढायचा, लांबी-रुंदी लिहायची, जागा भाड्याची असेल तर मालकाची संमती जोडायची आणि अर्ज थेट पोलीस ठाण्यात. मूळ कायदा 1962 चा. म्हणूनच तिथले बोळही मोकळे दिसतात. आपल्याकडे गेटबाहेरचा रस्ता म्हणजे वाडवडिलांची इस्टेट! हा कायदा इथे आला, तर शोरूमवाल्यांच्या आधी आपणच मोर्चा काढू.

सिंगापुरात गाडीआधी गाडी बाळगायचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, तोही 10 वर्षांपुरता. 2023 मध्ये त्याचा भाव लाख सिंगापूर डॉलरच्या पार गेला, म्हणजे सुमारे 60 लाख रुपये. गाडीचे पैसे वेगळे!

लक्झेंबर्गने 2020 पासून देशभरातली बस, ट्राम, रेल्वे फुकट केली (रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तेवढं तिकीट). तरी दरडोई मोटारींत हा देश युरोपात आघाडीवरच.

आता मुंबई. 1874 मध्ये घोड्यांची ट्राम आली. ट्राम चालवणाऱ्या कंपनीच्या दिमतीला 900 घोडे. कुलाबा ते पायधुणी तीन आणे. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर उतरवलं. हो, उतरवलं! पुढे विजेची ट्राम आली, डबलडेकरही आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. लक्झेंबर्गनेही ट्राम बंद केली ती त्याच वर्षी. 2017 मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू केली.