बारीक लाटा आधी विझतात

वर्धा जिल्ह्यातल्या जामला, नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो तिथे, मे महिन्याच्या भर दुपारी जमिनीवर अनवाणी पाय टेकवत नाही. तीच जमीन हातभर खणली, तर आत गारवा लागतो. असे का, याचे उत्तर एका लोखंडी सळईच्या गणितात आहे.

सळई सगळीकडे १०० अंश तापलेली. बाजूंनी उष्णता निसटू नये अशी गुंडाळलेली. तिची दोन्ही टोके एकदम बर्फात खुपसली. काही वेळाने मध्यभागी तापमान किती? नियम साधा आहे : बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो झपाट्याने निवतो. अडचण अशी, की शेजारीही निवतच असतात.

जोसेफ फूरिएने १८०७ साली वाट काढली. टोकांशी शून्य असलेली साइन-लाट आकार न बदलता नुसती बुटकी होत जाते. मग सुरुवातीचे तापमान अशा लाटांत फोडावे, प्रत्येकीला आपापली विझू द्यावी आणि पुन्हा बेरीज करावी. आपल्या सळईत एका फुगवट्याची लाट १२७ अंशांची, तीन फुगवट्यांची ४२, पाचांची २५, आणि पुढे अनंत. गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून टोकाशी तुटलेला कडा कसा निघेल, हे लाग्रांजला पटेना. शंका रास्तच होती. १८१२ साली पॅरिसमध्ये फूरिएला पारितोषिक मिळाले, तेही काटेकोरपणाबद्दल ठपका ठेवूनच. ग्रंथ निघाला १८२२ साली.

खरी गंमत विझण्याच्या वेगात आहे. फुगवटे तिप्पट, तर वेग नऊपट. पहिली लाट १२७ वरून ६४ वर येते, तेवढ्यात दुसरी नऊ वेळा निम्मी होते : ४२ अंशांतले ०.०८ उरतात! अनंत बेरीज म्हणून घाबरावे, तर थोड्या वेळाने हातात एकच लाट.

जमिनीत लाटा काळाच्या असतात : एक दिवसाची, एक वर्षाची. इथेही घाईची लाट लवकर मरते. साधारण मातीत दिवसाची लाट १२ सेंटिमीटरवर एक-तृतीयांशाच्या आसपास येते. ३७ सेंटिमीटरवर जेमतेम चार टक्के उरते, आणि तीही बारा तास उशिरा. वर्षाची लाट ३६५ पट संथ, म्हणून १९ पट खोल जाते. सात मीटरवर उन्हाळा पोचतो तो थंडीत.

मात्र हे सलग मातीचे गणित. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, हवा आत शिरते, आणि तिथे ही एका दिशेची आकडेमोड लंगडी पडते.